साहेब, दोन तास लवकर जाऊ का?

गेल्या उन्हाळ्यात इनप्लांट ट्रेनिंगसाठी मी आणि वर्गातल्या आणखी तिघीजणी एम.आय.डी.सी.तल्या एका कंपनीत महिनाभर जात होतो. कंपनी गाड्यांचे पार्ट्स बनवते. सेफ्टी शूज पायाला चावायचे, कॅन्टीनचा चहा मात्र झकास असायचा. ट्रेनिंगच्या रिपोर्टमध्ये आम्ही लेआऊट, सायकल टाइम, रिजेक्शन असं सगळं व्यवस्थित लिहिलं, सरांनी सही केली, मार्क पडले. पण मला तिथे जे सगळ्यात जास्त शिकायला मिळालं, त्याला रिपोर्टमध्ये कॉलमच नव्हता. म्हणून ते इथे लिहितेय.

मशिन शॉपमध्ये शेजारी शेजारी दोन लाइन्स होत्या. दोन्हींवर सारख्याच मशिन्स, सारखंच टार्गेट. फक्त सुपरवायझर दोन वेगळे.

पहिल्या लाइनवरच्या एका काकांच्या आईचं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून दोनदा, दुपारी. सेकंड शिफ्ट लागली की त्यांची पंचाईत व्हायची. त्यांच्या सुपरवायझर साहेबांनी एक दिवस चहा पिताना सहज विचारलं, "आई कशी आहे?" आणि गोष्ट बाहेर आली. साहेबांनी लाइनवर चौकशी केली, तेव्हा कळलं की एक मुलगा नोकरी सांभाळून डिप्लोमा करतो आणि त्याला सकाळचे लेक्चर्स असतात. म्हणजे त्याला सेकंडच हवी होती! दोघांची तीन महिन्यांची अदलाबदल झाली. खर्च शून्य. एच.आर.ला एक कागद गेला, बस्स.

दुसऱ्या लाइनवर एका दादांना मुलीच्या शाळाप्रवेशासाठी दोन तासांचा गेटपास हवा होता. उत्तर मिळालं, "घरचं सगळं गेटच्या बाहेर ठेवून यायचं. तुमच्यासारखे सगळेच निघाले तर लाइन काय मी चालवू?" दादा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना 'ताप' आला. सांगून दोन तास मिळाले नाहीत म्हणून न सांगता पूर्ण दिवस गेला. त्या दिवशी त्यांची मशिन पहिल्या सत्रात बंद राहिली, नंतर एका नवख्या मुलाला उभं केलं, त्याने पार्ट बिघडवले आणि साहेब दिवसभर सगळ्यांवर खेकसत राहिले.

आता मला सांगा, या दोन माणसांना नियम वेगळे होते का? कंपनी एक, रजेचं पुस्तक एक, एच.आर. मॅनेजर एक. फरक होता तो फक्त मधल्या माणसाचा. आणि गंमत म्हणजे, त्या मधल्या माणसाला मशिनचं ट्रेनिंग मिळालेलं होतं, क्वालिटीचं मिळालेलं होतं, आग विझवायचंसुद्धा मिळालेलं होतं. हाताखालच्या माणसाला घर असतं, याचं ट्रेनिंग मात्र कुणीच दिलेलं नव्हतं. पहिले साहेब चांगले निघाले ते त्यांच्या स्वभावामुळे. म्हणजे नशिबाचा भाग!

माझं म्हणणं एवढंच आहे, की ही गोष्ट नशिबावर सोडायची नाही. सुपरवायझरला हे शिकवता येतं, आणि शिकवलंच पाहिजे.

कायदा आहे, पण तो दारापर्यंत

काहीजण म्हणतील, यासाठी कायदे आहेत ना? आहेत. आपल्याकडे १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. केंद्र सरकारी नोकरीतल्या वडिलांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. २०१८ साली बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी तर ऑफिस सुटल्यावर साहेबांचा फोन न उचलण्याचा हक्क असावा म्हणून लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा काही झाला नाही, पण निदान विषय तरी निघाला.

हे सगळं हवंच. पण कायदा मोठ्या, ठरलेल्या घटनांसाठी असतो. बाळंतपण ही तारीख माहीत असलेली घटना आहे. आईचं डायलिसिस, मुलाचा एकशे दोन ताप, सासऱ्यांचं पडणं, पालकसभा, घरात पाणी शिरणं... यातल्या कशासाठी कलम लिहिणार? ही रोजची धावपळ ज्या माणसाच्या 'हो' किंवा 'नाही'वर अवलंबून असते, तो माणूस दिल्लीत नसतो, एच.आर.च्या एसी केबिनमध्येही नसतो. तो दहा फुटांवर उभा असतो.

आणि ही धावपळ सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार आपल्या देशात घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे बाईची एक शिफ्ट कंपनीत आणि जवळजवळ पाच तासांची दुसरी घरी. आमच्या वर्गातल्या मुली हे वाचून हसल्या नाहीत. आमचं प्लेसमेंट होईल, पॅकेजेस मिळतील, फोटो नोटीस बोर्डावर लागतील. पण पाच-सात वर्षांनी आमच्यातल्या किती जणी त्या नोकरीत असतील, हे बऱ्याच अंशी आमचा पुढचा साहेब किंवा मॅडम कशी वागते यावर ठरणार आहे. हे मला भीतीदायक वाटतं.

सुपरवायझर होतो कसा?

आपल्याकडे सुपरवायझर होण्याची पद्धत साधी आहे. जो सगळ्यात चांगला ऑपरेटर, त्याला बढती. जो सगळ्यात फास्ट कोडिंग करतो, तो टीम लीड. आणि आपण इंजिनिअर्स तर काय, डिग्री हातात पडली की ट्रेनी म्हणून एक वर्ष, आणि मग चाळीस वर्षांच्या अनुभवी काकांचे आपण 'साहेब'! वय बावीस-तेवीस. घरी अजून आई डबा भरून देते, आणि इथे दुसऱ्याच्या रजेवर सही आपली.

आपल्या मॅनेजमेंटच्या पेपरला टेलर आहे, फेयॉल आहे, गँटचा चार्ट आहे, मॅस्लोचा पिरॅमिड आहे. पिरॅमिड आपण इतका पाठ केलाय की झोपेत काढू. पण "साहेब, दोन तास लवकर जाऊ का?" या प्रश्नाला नेमकं काय म्हणायचं, हे त्यात कुठे आहे?

खरं तर ही कल्पना नवीन नाहीच. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, १९४० साली, अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. कारखान्यांत भराभर नवीन माणसं येत होती आणि त्यांना सांभाळणारे सुपरवायझर कच्चे होते. तेव्हा दोन-दोन तासांच्या पाच बैठकांचे छोटे कोर्सेस काढले. एक शिकवायचं कसं याचा, दुसरा कामाची पद्धत सुधारायची कशी याचा, आणि तिसरा होता 'जॉब रिलेशन्स', म्हणजे माणसांशी वागायचं कसं याचा. त्यात पहिलीच पायरी अशी होती, की निर्णय घेण्याआधी त्या माणसाची पूर्ण हकीकत माहीत करून घ्या. १९४५ पर्यंत दहा लाखांहून जास्त सुपरवायझर्स यातून गेले. युद्धानंतर हेच कोर्सेस जपानमध्ये पोचले, आणि ज्या कायझेनवर आपण एवढे सेमिनार ऐकतो त्याच्या मुळांमध्ये यांचाही वाटा मानला जातो. कामाची पद्धत सुधारायचा भाग आपण उचलला. माणसाची हकीकत विचारायचा भाग बहुतेक बंदरावरच राहिला.

चार सवयी

आता अलीकडचं. अमेरिकेत लेस्ली हॅमर आणि एलन कोसेक या दोन संशोधक बाईंनी बरीच वर्षं नेमका हाच विषय धरला, की कर्मचाऱ्याचं घर आणि काम यांची ओढाताण कमी व्हावी म्हणून सुपरवायझरने नक्की काय करायचं. २००९ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर त्याची मोजपट्टीच तयार केली. 'चांगला वाग' असा मोघम उपदेश त्यात नाही. चार प्रकारच्या वागण्या त्यांनी वेगळ्या काढल्या. मी त्या आपल्या भाषेत सांगते.

पहिली म्हणजे मनाचा आधार. माणसाला घराबद्दल विचारणं, आणि तो सांगत असताना मोबाइल खाली ठेवणं. "आई कशी आहे?" एवढं पुरतं.

दुसरी म्हणजे प्रत्यक्ष मदत. शिफ्टची अडचण आली तर ती सोडवून देणं, बदली माणूस बघून देणं. नुसतं "अरेरे" म्हणून काम भागत नाही.

तिसरी म्हणजे स्वतःचं उदाहरण. साहेब स्वतः रात्री दहाला मेल टाकत असेल आणि मुलाच्या वाढदिवसालाही ऑफिसात बसत असेल, तर त्याने "तुम्ही खुशाल घरी जा" म्हणण्याला काय अर्थ? खालची माणसं साहेबाचं बोलणं ऐकत नाहीत, साहेबाची बॅग कधी उचलली जाते ते बघतात.

चौथी मला इंजिनिअर म्हणून सगळ्यात आवडते. कामाची मांडणीच अशी बदलायची, की माणसाचीही सोय होईल आणि कामही अडणार नाही. ते डायलिसिसवाले काका आणि डिप्लोमावाला मुलगा आठवा. एका मशिनवर दोघा-तिघांना तयार करून ठेवणं हाही त्यातलाच प्रकार. एकच माणूस गेला आणि लाइन बंद पडली, तर दोष त्या माणसाचा नाही, मांडणीचा आहे. पुलाच्या डिझाइनमध्ये आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी धरतो, मग माणसांच्या डिझाइनमध्ये तो एक का धरायचा?

शिकवून फरक पडतो का?

हा खरा प्रश्न. चांगलं वाटतं म्हणून करायचं, की उपयोग होतो म्हणून?

हॅमर, कोसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एका प्रयोगाचे निकाल छापले. जागा होती अमेरिकेतली किराणा सामानाची १२ दुकानं. म्हणजे लॅपटॉपवाले लोक नव्हेत, काउंटरवर आणि गोदामात उभं राहून काम करणारी माणसं. काही दुकानांतल्या सुपरवायझर्सना या चार सवयींचं ट्रेनिंग दिलं, काहींना दिलं नाही, आणि आधी-नंतर कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारले. ट्रेनिंग फार लांबलचक नव्हतं. आधी कॉम्प्युटरवर स्वतःच्या वेगाने शिकायचं, मग समोरासमोर बसून चर्चा, आणि मग काही दिवस आपण रोज काय केलं याची आपणच नोंद ठेवायची. जर्नल लिहितो तसं!

निकाल वाचून मी थोडी चक्रावले. ज्यांची घरची ओढाताण जास्त होती, त्यांना चांगला फायदा झाला. कामातलं समाधान वाढलं, नोकरी सोडायचा विचार कमी झाला, तब्येतही बरी वाटू लागली. पण ज्यांना अशी ओढाताण फारशी नव्हतीच, त्यांच्या बाबतीत परिणाम उलटा दिसला. हे लपवून ठेवायचं कारण नाही. मला त्याचा अर्थ असा वाटतो, की साहेबाचं लक्ष एकीकडे गेलं की दुसरीकडच्याला आपल्यावर अन्याय होतोय असं वाटू शकतं. म्हणजे हे औषध सगळ्यांना सरसकट एकाच डोसमध्ये द्यायचं नाही, आणि ज्याला घरची अडचण नाही त्याच्याकडेही बघायचं. शिकवायचं असेल तर हेही शिकवायला हवं.

पुढे याच संशोधकांच्या गटाने एका मोठ्या कंपनीच्या आय.टी. विभागात 'स्टार' नावाचा प्रयोग केला. कोणत्या टीम्समध्ये बदल करायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे 'तुम्ही चांगल्याच टीम्स निवडल्या' असं कुणी म्हणायला नको. सुपरवायझर्सना ट्रेनिंग दिलं आणि हातात एक आयपॉड टच दिला. तो मधूनमधून वाजायचा आणि विचारायचा, की आज कुणाला आधार दिलास का, नोंद कर. शिवाय सगळ्या टीमने बसून ठरवायचं, की काम कधी आणि कुठे बसून करायचं. त्या टीम्समधला थकवा आणि ओढाताण कमी झाली, समाधान वाढलं, नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण घटलं. २०२३ साली छापलेल्या निष्कर्षांत तर असं दिसलं, की ज्यांना आधीपासून हृदयविकाराचा धोका जास्त होता, त्यांचा धोका जणू वय पाच ते दहा वर्षांनी कमी झाल्याइतका उतरला. साहेब नीट वागला तर हृदयावर एवढा परिणाम! आपण मात्र ट्रेडमिल विकत घेतो.

आता या गोष्टीचा शेवट ऐका. ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, नवे वरिष्ठ आले, आणि त्यांनी 'स्टार' बंद करून टाकलं. आकडे चांगले असूनही! एरिन केली आणि फिलिस मोएन या समाजशास्त्रज्ञांनी २०२० साली 'ओव्हरलोड' या पुस्तकात ही सगळी कहाणी सांगितली आहे. याच गटाने वृद्धांच्या शुश्रूषागृहांतही प्रयोग केला होता, तिथे निकाल इतके साफ आले नाहीत. मला वाटतं, जिथे पेशंटच्या उशाशी उभं राहावंच लागतं, आणि माणसंच कमी असतात, तिथे साहेबाचं गोड वागणं एका मर्यादेपलीकडे पुरत नाही. तिथे माणसं वाढवायला लागतात. म्हणजे ट्रेनिंग हे माणसांच्या तुटवड्यावरचं औषध नाही, हेही कबूल.

"आमच्या वेळी असं नव्हतं"

हॉस्टेलवर हा विषय मी काढला तेव्हा रूममध्ये जाम वादावादी झाली. २०२३ साली नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं होतं, तिथून सुरुवात. एकीचं म्हणणं, देश असाच मोठा होतो. मी म्हटलं, कर ना ७० तास, तुझी हौस असेल तर! पण तुझ्या ७० तासांच्या मागे घरी दुसरं कुणीतरी स्वयंपाक, आजारपण, मुलांचा अभ्यास असे ७० तास भरत असतं. त्याचा पगार कुणी मोजत नाही.

दुसरीचं म्हणणं, लोक गैरफायदा घेतात. एकाला सोडलं की दहाजणांच्या आज्या आजारी पडतात. खरंय. आपणही अटेंडन्ससाठी मेडिकल सर्टिफिकेट्स कशी आणतो ते सगळ्यांना माहीत आहे! पण खोटं कधी बोलावं लागतं? खरं सांगून काम होत नाही तेव्हा. ते दोन तास मागणारे दादा आधी खरंच बोलले होते. त्यांना तापाचं खोटं साहेबांनी शिकवलं.

तिसरा मुद्दा मला खरंच विचारात पाडणारा होता. ती म्हणाली, "सुपरवायझरला तरी कोण विचारतं? वरून टार्गेट, खालून रजेचे अर्ज. इकडे आड, तिकडे विहीर." बरोबर आहे. दुसऱ्या लाइनवरच्या त्या साहेबांना मी वाईट ठरवून मोकळी झाले होते. पण त्यांचा स्वतःचा फोनही कामाच्या वेळेत वाजायचा आणि ते तो न बघता कट करायचे, हे मी पाहिलंय. त्यांनाही 'गेटच्या बाहेर ठेवून ये' असंच कुणीतरी शिकवलेलं असणार. म्हणून सुपरवायझरला नुसतं ट्रेनिंग देऊन सोडायचं नाही, त्याच्या वरच्या साहेबालाही तेच ट्रेनिंग हवं, आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये आउटपुटच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना हवा. किती माणसं सोडून गेली आणि किती जणांनी न सांगता दांडी मारली? कारण जे मोजलं जात नाही ते कुणी करत नाही, हे आपल्याला क्वालिटी कंट्रोलने शिकवलंच आहे.

माझी स्वतःची गोष्ट

हे सगळं लिहिण्याचा मला काय अधिकार, असं कुणी विचारलं तर मला खाली बघावं लागेल.

गेल्या वर्षीच्या टेक्निकल फेस्टिव्हलमध्ये मी एका इव्हेंटची हेड होते. रोबो-रेसचा ट्रॅक बनवायचं काम आमच्याकडे. फेस्टिव्हलच्या दोन दिवस आधी टीममधला एक मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "उद्या घरी जाऊन येऊ का? रात्रीपर्यंत परत येतो." मी हातातल्या लिस्टमधून वर न बघता म्हटलं, "आत्ता? पर्सनल प्रॉब्लेम्स सगळ्यांनाच असतात रे. ट्रॅक कोण करणार?" तो "बरं" म्हणाला आणि प्लायवूड कापायला बसला. ट्रॅक वेळेवर झाला, इव्हेंट हिट झाला, मला सर्टिफिकेट मिळालं.

आठवड्याने त्याच्या रूममेटकडून कळलं. त्या दिवशी त्याच्या वडिलांची अँजिओप्लास्टी होती. ती नीट झाल्याचं त्याला फोनवर कळलं, वर्कशॉपच्या पायरीवर बसून. तो मला एका शब्दाने काही बोलला नाही. मी त्याला नंतर सॉरी म्हटलं तेव्हा तो हसून म्हणाला, "तू विचारलंच नाहीस ना." त्याने ते रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मी वाईट मुलगी आहे असं मला वाटत नाही. मला फक्त ट्रॅक दिसत होता. माझ्यात आणि त्या दुसऱ्या लाइनवरच्या साहेबांत काय फरक? त्यांना टार्गेट होतं, मला फेस्टिव्हल. म्हणूनच मी म्हणते, की चांगला स्वभाव पुरत नाही. डेडलाइन डोक्यावर असली की चांगल्या स्वभावाची माणसंही लिस्टमध्ये बघूनच बोलतात. तेव्हा उपयोगी पडते ती सवय, आणि सवय सराव करून लागते.

मग आपण काय करायचं?

कंपन्यांनी काय करावं हे सांगायला मी अजून कुणी नाही. पण आपल्या कॅम्पसमध्ये तीन गोष्टी सहज होऊ शकतात.

एक, मॅनेजमेंटच्या पेपरमध्ये दोन तास या विषयाला द्यावेत, आणि ते नोट्स लिहून घेण्याचे नकोत. एकाने साहेब व्हायचं, एकाने रजा मागायची, बाकीच्यांनी बघायचं. पहिल्यांदा आपण सगळे हसू. तिसऱ्यांदा हसणार नाही.

दोन, फेस्टिव्हल, गॅदरिंग, स्पोर्ट्स यांच्या सगळ्या हेड्सना काम सुरू होण्याआधी एक तास बसवावं. "नाही" म्हणण्याआधी "का?" विचारायचं, आणि प्रत्येक कामावर एक बदली माणूस तयार ठेवायचा, एवढे दोन नियम पुरेत. फेस्टिव्हल संपल्यावर टीममधल्यांकडून नावाशिवाय फॉर्म भरून घ्यावा, की हेड कसा वागला. माझा फॉर्म भरला असता तर मला आठवडाभर आधी कळलं असतं.

तीन, आणि हे आपल्या सगळ्यांसाठी. आपल्या मेसमध्ये नाश्त्याला येणाऱ्या मावशी पहाटे घर सोडतात. उद्या संध्याकाळीही थांबायचं आहे का, हे त्यांना बहुतेक वेळा आदल्या रात्री कळतं, कारण आपला स्पेशल मेनूचा बेत आपण आदल्या रात्री ठरवतो! मेस कमिटीने पंधरा दिवसांचा मेनू आणि कामाच्या वेळा आधीच ठरवून भिंतीवर लावल्या तर? अमेरिकेत गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या दुकानांत कामाच्या वेळा दोन आठवडे आधी सांगायच्या आणि त्या फारशा बदलायच्या नाहीत असा प्रयोग झाला होता. त्यात कामगारांची सोय तर झालीच, वर दुकानांची विक्रीही साधारण ७ टक्क्यांनी वाढली. आपल्या मेसची विक्री वाढायची नाही, पण पोहे तरी गरम मिळतील.

तसंच लॅबमधल्या आपल्या असिस्टंट मॅडम. सबमिशनच्या आठवड्यात आपण जर्नल घेऊन त्यांच्या टेबलाशी कधी उभे राहतो? साडेपाचला पाच कमी असताना. त्यांची बस पावणेसहाची असते. आपण त्यांचे साहेब नाही, पण त्यांचे दोन तास आपल्याही हातात आहेत. जर्नल चारला नेलं तर आपलं काय जातं?

एच.ओ.डी. सर, रेक्टर सर आणि आमचे सगळे प्राध्यापक हा अंक वाचतात, म्हणून त्यांनाही नम्रपणे सांगते. तुमच्याही हाताखाली माणसं आहेत, तुमच्यावरही कुणी आहेत, आणि आम्ही तुमच्याकडे बघून शिकतो. रजेच्या अर्जावर सही करताना तुम्ही एकदा "घरी सगळं ठीक ना?" विचारलंत, तर ते नोट्समध्ये नसूनही आमच्या लक्षात राहील.

आमच्या बॅचमधले बरेचजण दोन वर्षांत कुणाचे तरी साहेब, कुणाची तरी मॅडम होतील. तेव्हा कुणीतरी टेबलाशी येऊन उभं राहील आणि म्हणेल, "साहेब, दोन तास लवकर जाऊ का?" तेव्हा हातातली लिस्ट खाली ठेवायची. मी अजून शिकतेय.